धौम्यांचा तिसरा शिष्य

मागल्या कार्तिकी वारीहून परतल्यावर शेवगाव तालुक्यातील एका गावचे चार प्रतिष्ठित वारकरी माझ्याकडे आले. म्हणाले, "महाराज, आमच्या गावात मुलांची वारकरी पाठशाळा काढायची ठरली आहे. देवळामागे जागा आहे. सभामंडपाचे पत्रे येऊन पडलेत. पायाभरणीला आपण यावे आणि दोन शब्द सांगावेत." मी म्हटले, "पायाभरणीला येईन, पण आधी माझ्या तीन प्रश्नांची उत्तरे द्या. पोरांजवळ रात्रंदिवस राहणार कोण? त्यांना भाकरी घालणार कोण? आणि शिकवणाऱ्याला स्वतःचे शिकण्याचे दिवस आठवतात का?" पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी काहीतरी उत्तर दिले. तिसरा ऐकून मात्र एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे.

थट्टा नव्हती. त्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःला उशिरा सापडले, आणि त्याची किंमत एका मुलाने भरली. तेच सांगण्यासाठी हा लेख आहे. पाठशाळा काढण्याची इच्छा आज गावोगावी आहे, ही आनंदाचीच गोष्ट. पण वास्तू आणि पाठशाळा यांत देह आणि जीव यांच्याएवढे अंतर आहे. तेव्हा थोडे मुळापासून पाहू.

पाठशाळेचे मूळ

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, माउलींनी तेथे गीतेवर भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. वारकरी ज्या खांबापुढे डोके ठेवतो, त्या पैसाच्या खांबाला टेकून माउली बोलले, अशी आपली श्रद्धा आहे. वाचकहो, त्या ठिकाणी पाठशाळेला लागणारे काय काय होते ते मोजा. एक सांगणारा, एक लिहिणारा, आणि ऐकणारे श्रोते. इमारतीचे म्हणाल, तर आपण आजपर्यंत एका खांबाचे नाव घेतो. नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या त्या एका खांबाच्या आधाराने उभ्या राहिल्या. आपल्या संप्रदायातील शिक्षणाचे मूळ हे असे आहे.

त्यानंतर सव्वासहाशे वर्षांनी, १९१७ साली, वै. विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तोवर आपल्याकडे विद्या होती ती फडात, दिंडीत आणि बापाकडून मुलाकडे जाणारी. ज्याच्या घरी कीर्तन त्याला कीर्तन. इतरांनी कानावर पडेल तेवढे घ्यावे. जोग महाराजांनी हे दार उघडले. चार वर्षांचा नेमका अभ्यासक्रम ठेवला. ज्ञानेश्वरी, गाथा, गीता यांचे पाठ आणि अर्थ क्रमाने लावले. आणि शिकवण्याचा पैसा घ्यायचा नाही असे ठरवले. मुले झोळी घेऊन माधुकरी मागत आणि शिकत. १९२० साली महाराजांनी देह ठेवला. चार वर्षांच्या अभ्यासाची ही संस्था त्यांना स्वतःला जेमतेम तीन वर्षे पाहता आली! तरी संस्था राहिली, कारण मागे शिकवणारी माणसे राहिली. बंकटस्वामी राहिले, पुण्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले सोनोपंत दांडेकर राहिले. माणूस घडवला की वास्तू मागून येते. उलट क्रम लावला तर वास्तूत वटवाघळे राहतात. आपल्याच भागात अशी दोन-चार सभागृहे मी पाहिली आहेत.

धौम्यगड

आता आपल्या जिल्ह्यातल्याच एका गडाकडे वळू. पाथर्डी तालुक्यात, बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून, खरवंडीजवळ डोंगरावर एक स्थान आहे. त्याचे जुने नाव धौम्यगड. धौम्य ऋषींनी तेथे तप केले, अशी त्या भागाची परंपरा सांगते. बीड जिल्ह्यातील सुपे सावरगावचे संत भगवानबाबा (१८९६–१९६५) यांनी आळंदीस बंकटस्वामींच्या सहवासात अध्ययन केले. पुढे नारायणगड सोडल्यावर ते या धौम्यगडावर आले. तेथे विठ्ठलाचे मंदिर उभे राहिले. १९५८ साली यशवंतराव चव्हाण गडावर आले, आणि तेव्हापासून गडाचे भगवानगड हे नाव रूढ झाले.

तो मुलूख कसा आहे हे तिकडच्या वाचकाला सांगायला नको. पावसाने पाठ फिरवलेली, हलकी जमीन, आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागलेली माणसे. अशा लोकांत बाबांनी कीर्तन केले, सप्ताह लावले, देवापुढचे पशुबळी बंद करा म्हणून सांगितले, आणि त्याच तोंडाने पोरांना शिकवा असेही सांगितले. वेळ पडली तर शेत विका पण मुले शिकवा, हा त्यांचा उपदेश तिकडचे म्हातारे अजून सांगतात. हरिनाम आणि शाळा ही दोन निराळी कामे आहेत असे त्यांनी मानले नाही. त्यांचा नारळी सप्ताह आजही दरवर्षी नव्या गावी होतो. गावाने नारळ घ्यायचा आणि वर्षभर तयारी करायची. म्हणजे आधी गावाची तयारी, मग मांडव. पाठशाळा काढणाऱ्यांनी या नारळाचा अर्थ नीट समजून घ्यावा.

तीन शिष्य

धौम्यगड हे नाव ऐकले की माझ्यासारख्या जुन्या पाठशाळेत वाढलेल्या माणसाला महाभारताचे आदिपर्व आठवते. महाभारतात धौम्य दोन येतात. एक पांडवांचे पुरोहित, दुसरे आयोदधौम्य. गडावरचे कोणते, या वादात मी शिरत नाही. पण आयोदधौम्यांच्या आश्रमाची कथा म्हणजे खेड्यातल्या लहान पाठशाळेची कथा आहे. शेत, बांध, गुरे, भिक्षा आणि तीन शिष्य: आरुणी, उपमन्यू आणि वेद. हा वेद म्हणजे ग्रंथ नव्हे, बरं का. शिष्याचेच नाव वेद.

आरुणीची कथा तर सर्वांना पाठ आहे. गुरूंनी सांगितले, शेताचा बांध फुटला आहे, जाऊन बुजव. काही केल्या पाणी थांबेना, तेव्हा हा पोरगा स्वतःच त्या भगदाडात आडवा झाला. संध्याकाळी गुरूंनी विचारले, आरुणी कोठे आहे? शोधत शेतावर गेले, हाक मारली. हाक ऐकून तो उठला, आणि बांध फोडून उठला म्हणून गुरूंनी त्याला उद्दालक हे नाव दिले. आम्ही कीर्तनकार हा दृष्टांत शिष्याच्या निष्ठेसाठी वापरतो. पण जेथे आड कोणी पडत नाही तेथे पाणी अडत नाही, हाही त्याचा अर्थ आहे. पाठशाळा काढायची तर पहाटेच्या काकड्यापासून रात्री पोरांची अंथरुणे पडेपर्यंत तेथे आडवा पडणारा एक माणूस हवा. माझा पहिला प्रश्न तो होता.

दुसरा उपमन्यू. गुरूंनी त्याला गाई राखायला दिल्या. काही दिवसांनी विचारले, तू एवढा धष्टपुष्ट कसा? म्हणाला, भिक्षा मागून खातो. गुरू म्हणाले, भिक्षा आधी मला आणून दे. तो सगळी आणून देऊ लागला, गुरू सगळी ठेवून घेऊ लागले. मग तो पुन्हा दुसऱ्यांदा भिक्षेला जाऊ लागला. गुरूंनी तेही बंद केले. का? तर म्हणाले, अशाने भिक्षेवर जगणाऱ्या दुसऱ्यांच्या पोटावर पाय येतो. मग दूध बंद, वासरांच्या तोंडचा फेस बंद. शेवटी भुकेने त्याने रुईची पाने खाल्ली, डोळे गेले, आणि चाचपडत आडात पडला. सूर्य मावळला तरी पोर आले नाही, तेव्हा गुरू स्वतः रानात गेले आणि नावाने हाका मारल्या. आडातून ओ आली. गुरूंनी त्याला अश्विनीकुमारांची स्तुती करायला सांगितले, आणि त्याची दृष्टी परत आली.

ही कथा मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितली आहे. माझ्या हातून काय घडले ते मात्र आज प्रथमच लिहितो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका गावी मुलांना शिकवीत होतो. गावाचे नाव सांगत नाही. दोष गावाचा नव्हता. नऊ मुले होती. प्रत्येकाला मी वार लावून दिले होते, सात दिवसांची सात घरे, त्या त्या दिवशी त्या घरी जेवायचे. ही वही मी आषाढात तयार केली, तेव्हा गावातली सगळी घरे उघडी होती. आणि एक नियम घातला: दुसऱ्याच्या वाराच्या घरी कोणी जायचे नाही. धौम्यांचाच नियम, शास्त्रशुद्ध!

माघ महिना असेल. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा सकाळच्या संथेला लागोपाठ तीन दिवस पेंगला. तिसऱ्या दिवशी मी त्याला सर्वांसमोर उभे केले. "शिकायला आलास की झोपायला?" असे विचारले, आणि वर आरुणीची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. संध्याकाळी हरिपाठाला त्याचे टाळ खुंटीला तसेच लोंबत होते. मी ते पाहिले. पाहिले आणि हरिपाठ पुढे चालू ठेवला. मनात म्हटले, रुसला असेल, येईल. रात्री आला नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली म्हातारी आली. म्हणाली, "महाराज, त्या लेकराच्या वारातल्या चार घरांना दिवाळीपासून कुलपं हायेत. माणसं ऊसतोडीला गेल्यात. चार दिस ते कुठं जेवत हुतं, तुमी इचारलं का कधी?"

मी वही उघडली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. चारही घरे बंद. दुसऱ्याच्या घरी जायचे नाही हा नियम त्याने पाळला होता. नियम करणाऱ्याने मात्र दिवाळीनंतर वही उघडून पाहिली नव्हती. त्याचे स्वतःचे घरही बंद, आई-बाप टोळीबरोबर गेलेले. पुढे मुकादमाकडून निरोप आला, पोर कारखान्यावर आई-बापाच्या कोपीवर सुखरूप पोचले आहे. मी परत बोलावणे धाडले, दोनदा धाडले. तो आला नाही. त्याच्या हाती कोयता आला होता.

धौम्यांनी उपमन्यूला उपाशी ठेवले हे मला पाठ होते. सूर्य मावळल्यावर ते उठून रानात गेले आणि त्यांनी हाका मारल्या, हेही पाठ होते. मी मात्र आसनावरून उठलो नाही.

शंका–समाधान

येथे कोणी शंका घेईल: महाराज, कष्टाशिवाय विद्या नाही. मोठमोठे अधिकारी पुरुष माधुकरी मागून, उपाशी राहूनच तयार झाले. मग पोरांना थोडी भूक सोसावी लागली तर काय बिघडले?

समाधान असे. धौम्यांचे शिष्य तीन आहेत. आम्ही कीर्तनकार दोघांची कथा रंगवून सांगतो आणि तिसऱ्याला विसरतो, कारण त्याच्या कथेत चमत्कार नाही. तिसरा वेद. गुरूच्या घरी बैलासारखा जुंपला गेला. थंडी, ऊन, भूक, तहान सगळे सोसले आणि तक्रार केली नाही. गुरू प्रसन्न झाले, विद्या आली, तो घरी गेला. पुढे तो स्वतः गुरू झाला, त्याच्याकडेही तीन शिष्य आले. आणि महाभारत काय सांगते? गुरूच्या घरी राहण्याचे दुःख त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने आपल्या शिष्यांना कष्टाची कामे सांगण्याची इच्छा केली नाही. बस, एवढीच कथा.

पण क्रम पाहा. व्यासांनी ही कथा शेवटी ठेवली आहे. पहिल्या दोन कथांत शिष्याने कसे वागावे ते आहे. तिसरीत गुरूने कसे व्हावे ते आहे. सोसलेले कष्ट पुढच्यावर लादायचे नसतात, ते आपल्यापाशी जिरवायचे असतात. 'आम्ही सोसले, तुम्हीही सोसा' असे म्हणणाऱ्याची विद्या अजून पुरी झाली नाही. शिष्याने आरुणीचे, उपमन्यूचे चरित्र वाचावे. शिक्षकाने वेदाचे वाचावे. आमचा घोटाळा असा होतो की शिक्षक स्वतः शिष्याची चरित्रे वाचतो, आणि ती पोरांना ऐकवतो.

दुसरी शंका: मग माधुकरी वाईट का? वाईट मुळीच नाही. झोळीने अहंकार जातो, आणि गावाला वाटते की हे पोर आपले आहे. ज्या घरातून भाकरी येते त्या घरातून पोराची विचारपूसही येते. मला माझी चूक सांगितली ती देणगीदाराने नव्हे, भाकरी घालणाऱ्या म्हातारीने. पण माधुकरी ही गावाने घेतलेली जबाबदारी आहे. ती जबाबदारी पोराच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे झालो की तिला उपासमार म्हणतात.

गावाला दिलेले उत्तर

त्या चौघांना मी हे सगळे सांगितले नाही; हिशेब तेवढा सांगितला. तुम्हाला बारा मुले ठेवायची आहेत. एका मुलाला सात वार, म्हणजे बारा मुलांना चौऱ्याऐंशी घरे लागतात. तुमच्या गावची चौऱ्याऐंशी घरे पौष-माघात उघडी असतात का? नसतील, तर दोन मार्ग आहेत. मुले कमी घ्या, किंवा धान्याची कोठी भरा. एका मुलाला महिन्याला पंधरा किलो धान्य धरले, तर बारा मुलांना उसाच्या हंगामाच्या सहा महिन्यांसाठी एक हजार ऐंशी किलो, म्हणजे जवळजवळ अकरा क्विंटल ज्वारी-बाजरी लागेल. ती खळ्यावर गोळा करा, पावती फाडा, देवळाच्या भिंतीवर हिशेब लिहा. पत्रे नंतर ठोका.

आणखी चार गोष्टी सांगितल्या. मुलांनी सरकारी शाळा सोडायची नाही. पहाटे काकडा व पाठ, दिवसा शाळा, सायंकाळी हरिपाठ. भगवानबाबांनी हरिनाम आणि शाळा यांत भांडण लावले नाही, आपण का लावावे? ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांना आधी जागा द्या. पाठशाळेत राहिले तर त्यांची शाळा बुडत नाही आणि हाती कोयता येत नाही. त्यांच्यासाठी पाठशाळा म्हणजे आरुणीचा बांध आहे. मुक्ताबाई-जनाबाईंचा हा संप्रदाय, म्हणून गावच्या मुलींनाही संध्याकाळच्या पाठाला बसवा. आणि शिकवणाऱ्यावर नजर ठेवायला गावातल्या दोन वडीलधाऱ्या बायका नेमा. त्यांनी केव्हाही यावे, पोरांशी बोलावे, चुलीवरचे झाकण उघडून पाहावे. यावर एक जण म्हणाला, "महाराज, शिकवणाऱ्याला राग येईल." मी म्हटले, "ज्याला राग येईल त्याला ठेवू नका. मला अशी म्हातारी वेळेवर भेटली असती तर एक पोर राहिले असते."

ते परत गेले. मला वाटले, आता दुसरा कोणी पाहुणा शोधतील. महिन्याभराने एकादशीला तेच चौघे पुन्हा आले. बरोबर वही होती. गावातले एकूण एक घर तीत लिहिले होते, आणि कुलूप असलेल्या घरापुढे फुली मारली होती. फुल्या निम्म्याहून जास्त होत्या. म्हणाले, "महाराज, बारा मुलांचे बळ नाही. यंदा पाच घेतो. पायाभरणी राहू द्या. देवळाच्या ओवरीत सुरुवात करतो. शिकवायला एक माणूस मिळाला आहे, तो स्वतः वार लावून शिकलेला आहे."

मी विचारले, "त्याला ते दिवस आठवतात का?"

म्हणाले, "तुमचा तिसरा प्रश्न आम्ही त्याला विचारला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आधी मुलांच्या जेवणाची वेळ सांगा."

या उत्तराचा माणूस मिळाला की पाठशाळेची पायाभरणी झाली. पत्रे यथावकाश चढतील. मी त्यांना यायचे कबूल केले आहे, आणि तेथे गेल्यावर कीर्तनाला दृष्टांत कोणता घ्यायचा तेही ठरवले आहे. आजवर न सांगितलेला, चमत्कार नसलेला, तिसऱ्या शिष्याचा.

दरवर्षी आषाढीच्या वाटेवर नगरकडच्या दिंड्या भेटल्या की माझी नजर तिशी-चाळिशीच्या माणसांच्या तोंडांवरून फिरते. एक चेहरा शोधते. सापडला तर पाया पडू की क्षमा मागू हे ठरलेले नाही. वाचकांपैकी ज्यांच्या हाताखाली मुले आहेत, त्यांना एवढीच विनंती आहे: आज संध्याकाळी हरिपाठाला उभे राहण्यापूर्वी खुंटीकडे एकदा पाहा. एखादे टाळ तसेच लोंबत असेल, तर हरिपाठ दुसऱ्या कोणाला सांगायला लावा, आणि आपण उठून हाका मारायला जा.

रामकृष्णहरि.